श्रेयांक की स्थाननिश्चिती? अमेरिकेतील अभियांत्रिकी पदवी आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षेचा इतिहास

अमेरिकेतील अनेक विद्यार्थी शाळेत असतानाच महाविद्यालयीन पातळीचा कॅल्क्युलस किंवा भौतिकशास्त्र शिकतात, मे महिन्यात त्याची परीक्षा देतात आणि त्या गुणांच्या बळावर पुढे पदवीतील काही विषयांतून सूट मागतात. ही व्यवस्था ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाने ओळखली जाते. आपल्या महाविद्यालयांत ‘प्लेसमेंट’ म्हटले की नोकरीच डोळ्यांसमोर येते. येथे मात्र त्या शब्दाचा अर्थ अभ्यासक्रमातील स्थाननिश्चिती असा आहे. विद्यार्थ्याने कोणत्या पायरीपासून आरंभ करावा, एवढाच मूळ प्रश्न होता. त्या पायरीचे श्रेयांकही त्याच्या खात्यावर जमा करावेत काय, हा प्रश्न त्याला लागूनच आला. अभियांत्रिकीच्या क्षेत्रात या दोन प्रश्नांची फारकत कशी होत गेली, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या व्यवस्थेचे मूळ फोर्ड फाउंडेशनने 1951 मध्ये स्थापन केलेल्या शिक्षणविषयक निधीत सापडते. या निधीच्या साहाय्याने दोन अभ्यास हाती घेण्यात आले. पहिल्यात अँडोव्हर, एक्झेटर व लॉरेन्सव्हिल या तीन खासगी शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन व येल ही तीन विद्यापीठे सहभागी होती. चांगल्या शाळेतून आलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या प्रारंभी शिकलेलेच पुन्हा शिकतो, ही त्यामागील तक्रार होती. दुसरा अभ्यास केनियन महाविद्यालयाचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्यातील बारा संस्थांमध्ये बहुतेक लहान उदारमतवादी महाविद्यालये होती. परंतु मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, ही तंत्रशिक्षण संस्थाही त्यांत होती. 1954 मध्ये प्रायोगिक परीक्षा झाल्या, 1955 मध्ये कॉलेज बोर्डाने ही जबाबदारी स्वीकारली आणि 1956 च्या परीक्षेस 104 शाळांतील 1,229 विद्यार्थी बसले. तेव्हापासून 1 ते 5 अशी गुणश्रेणी रूढ आहे.

1957 मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडल्यावर अमेरिकेत गणित व विज्ञान शिक्षणाविषयी जी अस्वस्थता पसरली, तिचा लाभ या व्यवस्थेला झाला असे म्हणणे वावगे ठरणार नाही. 1969 मध्ये कॅल्क्युलसच्या परीक्षेचे ‘एबी’ व ‘बीसी’ असे दोन भाग झाले. ‘एबी’ साधारणतः एका सत्राच्या आणि ‘बीसी’ दोन सत्रांच्या अभ्यासाएवढी मानली जाते. भौतिकशास्त्रातील विभागणी अभियांत्रिकीच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरली. ‘फिजिक्स बी’ ही परीक्षा बीजगणितावर, तर ‘फिजिक्स सी’ कॅल्क्युलसवर आधारलेली होती. अभियंत्याला लागणारे यामिकशास्त्र व विद्युत्चुंबकत्व कॅल्क्युलसखेरीज शिकवता येत नाही. म्हणून ‘बी’ मध्ये पैकीच्या पैकी 5 गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यालाही अभियांत्रिकी विभागात सामान्यतः पहिल्या सत्राचे भौतिकशास्त्र करावेच लागे. 2014-15 पासून ‘बी’ ची जागा ‘फिजिक्स 1’ व ‘फिजिक्स 2’ यांनी घेतली, पण त्याही बीजगणितावरच आधारलेल्या असल्याने पेच तसाच राहिला. शाळेत वर्षभर घाम गाळलेल्या मुलाला हे प्रवेशानंतर कळते, तेव्हा त्याचा होणारा हिरमोड समजण्यासारखा आहे.

संगणकशास्त्राची कथा याहून बोलकी आहे. 1984 मध्ये सुरू झालेली ही परीक्षा प्रथम पास्कल या भाषेत होती, 1999 पासून सी प्लस प्लस आणि 2004 पासून जावा या भाषेत झाली. यंत्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या विभागाला मॅटलॅब किंवा सी हवी असेल, तर जावाचे श्रेयांक पदवीच्या एकूण बेरजेत धरले जातील, पण अनिवार्य विषय टळणार नाही.

या ठिकाणी अभियांत्रिकी पदवीची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. इतिहास किंवा साहित्य यांच्या अभ्यासात विषयांचा क्रम पुष्कळसा लवचीक असतो. अभियांत्रिकीत मात्र एक विषय दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असतो: कॅल्क्युलसनंतर बहुचल कॅल्क्युलस व अवकल समीकरणे, स्थितिशास्त्रानंतर गतिशास्त्र व पदार्थांचे सामर्थ्य, आणि त्यानंतर संकल्पन. अधिस्वीकृती देणाऱ्या ‘एबेट’ या संस्थेच्या निकषांनुसार गणित व मूलभूत विज्ञानाचे किमान 30 आणि अभियांत्रिकी विषयांचे किमान 45 श्रेयांक पूर्ण व्हावे लागतात. शालेय परीक्षेतून सूट मिळते ती प्रामुख्याने पहिल्या गटातील आरंभीच्या विषयांत. दुसरा गट जवळजवळ अस्पर्शित राहतो. परिणामी तीस-चाळीस श्रेयांक घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचेही चार वर्षांचे शिक्षण तीन वर्षांत आटोपेलच असे नाही. त्याला मिळते ती उसंत: एखादे हलके सत्र, दुय्यम विषय, उद्योगातील अनुभव. उलटपक्षी, पाया कच्चा असताना थेट बहुचल कॅल्क्युलसच्या वर्गात बसलेला विद्यार्थी तेथे अडखळला तर त्यावर उभा असलेला प्रत्येक विषय मागे पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते सूट घ्यावी की नाही, हा अनेकांच्या बाबतीत शुल्काच्या बचतीपेक्षा अधिक गंभीर निर्णय आहे.

याहून मोठा प्रश्न आहे तो संधीचा. मोजक्या प्रतिष्ठित संस्थांच्या गरजेतून जन्मलेली ही परीक्षा पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफिल्ड हायस्कूलच्या श्रमिक वस्तीत पोचली, ती बोलिव्हियाहून आलेले शिक्षक हाइमे एस्कलान्ते यांच्या परिश्रमांमुळे. 1982 मध्ये तेथील 18 विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांपैकी 14 जणांवर नक्कल केल्याचा संशय घेण्यात आला. त्यांतील 12 जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि ते सर्व पुन्हा उत्तीर्ण झाले. 1999 मध्ये इंगलवुड येथील विद्यार्थ्यांच्या वतीने कॅलिफोर्निया राज्याविरुद्ध दावा दाखल झाला, त्याचे कारण निराळे होते: त्यांच्या शाळेत असे वर्ग पुरेसे नव्हतेच. अभियांत्रिकीचे वेळापत्रक विद्यार्थी पहिल्या सत्रात कॅल्क्युलस घेईल असे गृहीत धरून आखलेले असते. ज्याच्या शाळेत कॅल्क्युलसपर्यंतचे गणितही नीट शिकवले गेले नाही, तो त्याच्या पूर्वतयारीपासून आरंभ करतो. एकाला जे सत्र वाचते, तेच दुसऱ्याला जादा भरावे लागते.

अलीकडच्या काळात विद्यापीठे आणि राज्ये यांच्या भूमिका परस्परविरुद्ध दिशांना गेलेल्या दिसतात. 2002 मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अहवालाने विज्ञानविषयक अभ्यासक्रमांतील व्याप्तीच्या हव्यासावर व खोलीच्या अभावावर बोट ठेवले. डार्टमथ महाविद्यालयाने या परीक्षांच्या आधारे पदवीचे श्रेयांक देणे बंद करण्याचा निर्णय 2013 मध्ये जाहीर केला; योग्य वर्गात स्थान देणे मात्र चालू ठेवले. एमआयटीने तर रसायनशास्त्रातील 5 गुणांनाही श्रेयांक नाकारला. सूट हवी असल्यास संस्थेची स्वतःची परीक्षा द्यावी, असा तिचा दंडक आहे आणि त्या परीक्षेच्या नावात चाल्मर्स यांच्या अभ्यासातील ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग’ हे शब्द आजही टिकून आहेत. याउलट इलिनॉय राज्याने 2015 मध्ये कायदा करून 3 गुणांनाही श्रेयांक देणे सार्वजनिक विद्यापीठांवर बंधनकारक केले. तो श्रेयांक मुख्य विषयाच्या खात्यात धरावा की ऐच्छिक विषयाच्या, हे ठरवण्याचा अधिकार मात्र विद्यापीठांकडेच ठेवला. त्यामुळे 3 गुण मिळवणाऱ्या भावी अभियंत्याचा श्रेयांक ऐच्छिक रकान्यात जमा होऊ शकतो आणि कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्गातील त्याचे बाक तसेच राखून ठेवलेले असू शकते.