पीसी म्हातारा झाला नव्हता: पडदा, आवाज आणि वेगाची गोष्ट

आजची गोष्ट भिवंडीतल्या आमच्या घरातून सुरू होते. २००८ ची दिवाळीची सुट्टी, मी सातवीत. घरचा सेकंडहँड पीसी फॉरमॅट करून आणला आणि सगळंच बिघडलं. आयकॉन भलेमोठे, गाणी मुकी, विंडो सरकवली की मागे शेपूट उमटायची. मराठी पेपरच्या साइटवर तर नुसते चौकोन! दुकानदार म्हणाला, "मशीन जुनं झालं, नवीन घ्या." बाबा यंत्रमागावर जॉबर. नवीन पीसी म्हणजे त्यांचा काही महिन्यांचा पगार. ते एवढंच म्हणाले, "परवापर्यंत चालत होता ना? मग दोन दिवसांत म्हातारा कसा झाला?"

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

आयबीएमचा पहिला पीसी आला १९८१ मध्ये. तो ऑफिसच्या कामाचा गडी. आवाज म्हणजे फक्त 'बीप'. जास्त काही हवं असेल तर वेगळं कार्ड विकत घ्यायचं आणि आत खाचेत बसवायचं. १९८७ मध्ये व्हीजीए आलं: ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं आणि पीसीला कंठ फुटला.

आणि मराठी? तिच्यासाठीसुद्धा कार्डच होतं! आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलं. त्यांचं 'जिस्ट' कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसायची.

पुढे या कार्डांची कामं हळूहळू मदरबोर्डमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये गेली. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट आला. कार्ड लागेना, पण प्रत्येक भागाशी बोलायला दुभाषा लागतो. तो म्हणजे ड्रायव्हर.

आमच्या फॉरमॅटमध्ये हे दुभाषेच पुसले गेले होते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसला की विंडोज जुन्या, साध्या मोडवर उतरतं. मग चित्र काढायचं कामही प्रोसेसरच्याच गळ्यात पडतं. म्हणजे बघा, खराब पडदा आणि मंद वेग हे दोन आजार नव्हतेच. एकच होता! देवनागरीचा आधारही एक्सपीच्या सीडीवर होता, फक्त सेटिंगमध्ये एक टिक करायची राहिली होती.

कपाटातून मदरबोर्डची सीडी शोधली. दोन ड्रायव्हर, एक टिक, तीन रीस्टार्ट. गाणं वाजलं. बाबांनी चष्मा लावून पेपरची हेडलाइन मोठ्यानं वाचली. खर्च शून्य.

बाबा म्हणायचे, माग अडला की आधी त्याचा आवाज ऐकायचा, मग पाना उचलायचा. आज इंजिनिअर म्हणून मी तेच करतो. तुमचा पीसी रखडतोय? आधी टास्क मॅनेजर उघडा. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवा. जुनी हार्ड डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडी बसवा. आणि फॉरमॅटनंतर बिघडला असेल, तर आधी ड्रायव्हर बघा. पाकीट शेवटी.

भेटू पुढच्या भागात!