वितळलेल्या बर्फाचं वजन

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण थर्मासमध्ये एकत्र ओतलं, की तापमापीतला पारा सहा-सात अंश चढतो. बावीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांकडून हा प्रयोग करून घेतला आणि दर वर्षी त्याआधी पॅरिसमधल्या 1782-83 च्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली.

लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी तेव्हा उष्णता मोजली ती बर्फावर. आत जाळीची टोपली, तिच्याभोवती बर्फाचा कप्पा, त्याबाहेर पुन्हा बर्फ. खोलीची ऊब बाहेरचा बर्फ झेलायचा. त्यामुळे मधल्या कप्प्यातून तोटीवाटे ठिबकणारं पाणी केवळ आतल्या उष्णतेचं. ते तोलायचं, एवढंच! टोपलीत त्यांनी कोळसा जाळला, फॉस्फरस जाळला, आणि एक जिवंत गिनीपिगही ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उबेनं 13 औंस, म्हणजे सुमारे 400 ग्रॅम बर्फ वितळला. श्वसन म्हणजे संथ ज्वलनच, हे म्हणायला त्यांना आधार मिळाला. इथे वर्ग हमखास शांत व्हायचा.

रीत निर्दोष नव्हती. थोडं पाणी बर्फाच्या तुकड्यांतच अडकून राहायचं आणि वजन कमी भरायचं. पण 1840 मध्ये सेंट पीटर्सबर्गला हेसनं जो नियम मांडला, की अभिक्रिया कोणत्याही वाटेनं गेली तरी एकूण उष्णता तेवढीच, त्याच्या मागे ही सगळी मोजणी उभी आहे.

शिक्षकमित्रांनो, सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना त्या ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल जरूर सांगा.