ज्याच्या हाती कागद, त्याचं गाणं?

जॅझबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय. चार-पाच जणांनी स्टेजवर चढायचं, मनाला येईल ते वाजवायचं, आणि त्यालाच जॅझ म्हणायचं. समज नुसता चुकीचा असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण या समजापायी कित्येकांना आपल्या नावावर आणि हक्काच्या पैशावर पाणी सोडावं लागलंय, आणि त्या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

सुरुवात शिकागोच्या कोर्टातून करू. साल १९१७. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड' नावाच्या पाच गोऱ्या वादकांनी न्यू यॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. जॅझची पहिली तबकडी म्हणून हीच ओळखली जाते. संगीत मात्र न्यू ऑर्लिन्सचं, मुख्यत्वे तिथल्या काळ्या वादकांनी घडवलेलं. एका बाजूला होतं 'लिव्हरी स्टेबल ब्लूज'. त्यात क्लॅरिनेट कोंबड्यासारखं आरवतं, कॉर्नेट घोड्यासारखा खिंकाळतो, ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो. तबकडी तुफान खपली आणि लगेच भांडण लागलं. बँड म्हणतो चाल आमची, बँडमधून आधीच बाहेर पडलेला क्लॅरिनेटवादक म्हणतो माझी.

न्यायाधीश जॉर्ज कार्पेंटर यांनी दोघांनाही घरी पाठवलं. त्यांच्या म्हणण्याचा सूर असा, की ही मंडळी नुसत्या कानाने वाजवतात, कागद नाही, नियम नाही, मग यात मालकी कुणाला द्यायची?

आता त्याच तबकडीची दुसरी बाजू बघा. तिथल्या गाण्यात जो जॉर्डन या काळ्या संगीतकाराच्या एका रॅगचा तुकडा वापरला होता. जॉर्डनची रॅग १९०९ साली छापून आलेली होती. त्याने हक्क सांगितला आणि पुढच्या तबकड्यांच्या लेबलावर त्याच्या रॅगचं नाव आलं. एकाच तबकडीच्या दोन बाजू. एकीकडे कागद नव्हता, दुसरीकडे होता. फरक तेवढाच.

कारण साधं आहे. अमेरिकेचा १९०९ चा कॉपीराइट कायदा गाणं ओळखायचा ते कागदावरून. नोंदणीला स्वरलिपीची प्रत द्यावी लागे. नुसती तबकडी नेऊन दिली तर चालायचं नाही, आणि हे थेट १९७८ पर्यंत असंच होतं. तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट ठरलेले, पण ते ज्याच्या नावाने नोंद आहे त्याला. म्हणजे वाजवणाऱ्यापेक्षा लिहून काढणारा महत्त्वाचा झाला.

हे सगळ्यात आधी ज्यांना नीट उमगलं त्यांतला एक डब्ल्यू. सी. हँडी. हा बँडमास्तर, शिकलेला, स्वरलिपी लिहिणारा. त्याने आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितलाय. मिसिसिपीतल्या क्लीव्हलंड गावात त्याचा नऊ जणांचा बँड नाचाच्या कार्यक्रमाला गेला होता. मधेच गावातल्या तिघांनी वाजवायची परवानगी मागितली. एक गिटार, एक मँडोलिन आणि एक जुनाट बेस. तेच तेच फिरणारं वाजवणं. पण लोकांनी त्यांच्या पायाशी इतकी नाणी फेकली, की हँडीच्या नऊ जणांना संपूर्ण कार्यक्रमाचे मिळायचे होते त्यापेक्षा ती जास्त भरली! हँडीचे डोळे उघडले. घरी जाऊन त्याने तसल्या गावरान चाली आपल्या बँडसाठी बसवायला घेतल्या.

पुढे १९०९ मध्ये मेम्फिसला क्रंप नावाच्या उमेदवाराच्या मेयरपदाच्या प्रचारात हँडीचा बँड एक चाल वाजवायचा. (प्रचाराची गाणी हा काही आपलाच शोध नाही, बरं का.) तीच चाल त्याने १९१२ मध्ये 'मेम्फिस ब्लूज' म्हणून छापली, आणि लगोलग तिचे हक्क पन्नास डॉलरला विकून बसला. गाणं गाजलं, पैसे दुसऱ्यांनी कमावले. हक्क त्याच्याकडे परत आले १९४० मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, मुदत संपल्यावर. पण तो धडा शिकला. भागीदारीत स्वतःची प्रकाशन कंपनी काढली आणि १९१४ मध्ये 'सेंट लुईस ब्लूज' स्वतःच छापलं.

इथे प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारायला हवा. त्या तीन गावकऱ्यांचं काय? त्यांची नावं कुठेच नाहीत. हँडीने चोरी केली असं मी म्हणणार नाही. बारा बारचा ब्लूज साचा सगळ्यांचा होता. पण 'सेंट लुईस ब्लूज'मध्ये त्या साच्याला त्याने मधेच हाबानेरा ठेक्याचा वेगळा भाग जोडला, तो करुण सुरांत बांधला, आणि बँडला वाजवता येईल असं सगळं मांडून दिलं. ही मांडणी म्हणजेच अरेंजमेंट, आपल्या भाषेत संगीत संयोजन. ते काम त्याचंच होतं.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते थोडं उलगडून सांगतो. मी हौसेपुरतं क्लॅरिनेट वाजवतो आणि आमच्या पाच जणांच्या गटासाठी ही जुनी गाणी लिहून काढतो, त्यामुळे यातली डोकेदुखी ओळखीची आहे.

बारा बारचा ब्लूज म्हणजे चार-चार मात्रांचे बारा बार, एकूण अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन समजा. न्यू ऑर्लिन्सच्या पद्धतीत पुढे तीन वाद्यं असतात. कॉर्नेट चाल धरतो. क्लॅरिनेट त्याच्या वरून वेलीसारखं फिरतं. ट्रॉम्बोन खालून आधार देतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. मागे बँजो किंवा पियानो, बेस किंवा ट्यूबा, आणि ड्रम. पंधरा जणांच्या वाद्यवृंदात एखादा सूर गळला तर कळत नाही. पाच जणांत एक जण चुकीच्या सुरावर उभा राहिला की छप्पर गळायला लागतं.

एक उदाहरण देतो, पेटीवर करून बघा. ब्लूज सुरू होतो षड्जाच्या कॉर्डवर, आणि तिचा खरा रंग दोन सुरांत असतो, शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. पाचव्या बारला कॉर्ड मध्यमावर जाते. तिथे रंग देणारे सूर कोमल गंधार आणि धैवत. म्हणजे एकाने शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर उतरायचं आणि दुसऱ्याने कोमल निषादावरून धैवतावर. दोघंही फक्त अर्धा सूर खाली! पियानो नसला तरी क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एवढं नीट करतील तर ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली स्पष्ट कळते. हे आपोआप होत नाही. कुणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं.

आता ते 'मनाला येईल ते' वाल्यांसाठी. १९२३ च्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा क्रेओल जॅझ बँड इंडियानातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीत ध्वनिमुद्रणाला गेला. मायक्रोफोन नव्हते, मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दणदणीत, की त्याला बाकीच्यांच्या मागे उभं करावं लागलं. गाणं सुमारे तीन मिनिटांत संपवायचं, कारण तबकडीत तेवढीच जागा. रात्रभर नाचगाण्यात पंधरा मिनिटं चालणारी गोष्ट तीन मिनिटांत बसवायची, तर कोण कधी वाजवणार, कोण कधी थांबणार हे ठरवावंच लागतं.

त्या बँडमध्ये पियानोवर होती लिल हार्डिन. रीतसर शिकलेली. शिकागोत न्यू ऑर्लिन्सच्या वादकांबरोबर पहिल्यांदा बसली तेव्हा तिने छापील कागद मागितले, तर उत्तर मिळालं की कागद नाहीत, ठोका पडला की सुरू कर. पुढे तिचं आर्मस्ट्राँगशी लग्न झालं, आणि कॉपीराइटसाठी वॉशिंग्टनला धाडायचे कितीतरी कागद तिच्या हातचे आहेत. जॅझच्या इतिहासात ती बरीच वर्षं 'लुईची बायको' एवढीच उरली होती.

आणखी एक गंमत. आर्मस्ट्राँगचं 'कॉर्नेट चॉप सुई' १९२६ च्या फेब्रुवारीत ध्वनिमुद्रित झालं. तो कॉर्नेटचा भाग म्हणजे उत्स्फूर्त प्रतिभेचा नमुना, असं लोक वर्षानुवर्षं मानत आले. पण वॉशिंग्टनच्या दप्तरात त्याच गाण्याचा कागद निघाला, आर्मस्ट्राँगच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला, जानेवारी १९२४ चा. म्हणजे दोन वर्षं आधी लिहून ठेवलेलं. यामुळे तो लहान ठरत नाही. उलट ज्याला लोक 'उपजत देणगी' म्हणून मोकळे झाले, तो बसून विचार करणारा, लिहिणारा माणूस होता हे कळतं. आणि 'यांना काय, रक्तातच असतं' असं म्हणणं वरवर कौतुकाचं वाटलं तरी मोबदला टाळायला फार सोयीचं असतं, हे आपल्या तमाशा कलावंतांना मी वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात संयोजनाचा खरा बादशहा जेली रोल मॉर्टन. १९१५ मध्येच त्याचं 'जेली रोल ब्लूज' शिकागोत छापून आलं होतं. १५ सप्टेंबर १९२६ ला त्याने शिकागोत व्हिक्टरसाठी 'ब्लॅक बॉटम स्टॉम्प' वाजवलं, सात जण घेऊन. ऐकाच एकदा. तीन मिनिटांच्या आसपास आहे, पण एकही आवर्तन आधीच्यासारखं नाही. पहिला भाग एका पट्टीत, मग पट्टी बदलते. पुढे तोच भाग क्लॅरिनेटवर, मग बाकी सगळे गप्प आणि एकटा पियानो, मग कॉर्नेट, त्याच्यामागे सगळे मोजक्या मात्रांवर फक्त ठोके देतात, मग बँजो, आणि शेवटी सगळे मिळून दणका. सात माणसं, पण वाटतं सतरा आहेत. तालमी घेऊन बसवलेलं काम. कुठे लिहिल्याबरहुकूम वाजवायचं आणि कुठे वादकाला मोकळं सोडायचं, हे मॉर्टन ठरवायचा.

आणि त्याचं झालं काय? १९३५ मध्ये बेनी गुडमनने त्याचं 'किंग पोर्टर स्टॉम्प' मोठ्या बँडवर गाजवलं. तीनच वर्षांनी मॉर्टन वॉशिंग्टनच्या एका छोट्या बारमध्ये वाजवत होता. रॉयल्टी पोचत नाही म्हणून पत्रांवर पत्रं लिहीत होता. १९४१ मध्ये लॉस एंजेलिसला वारला. म्हणजे नुसता कागद असून भागत नाही, कागद कुणाच्या कपाटात आहे तेही बघावं लागतं.

आता मुंबई. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, ज्याने पहिल्या महायुद्धाच्या आधी न्यू यॉर्कमध्ये जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदात वाजवलं होतं. शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. यांचं ऐकून शिकले आपले गोव्याचे वादक. त्यांच्याकडे एक गोष्ट आधीच होती, चर्चच्या शाळेत शिकलेली स्वरलिपी. ऐकलेलं कागदावर उतरवायचं आणि हातात असतील तेवढ्या माणसांसाठी बसवायचं, हे त्यांना येत होतं.

हेच हात पुढे हिंदी सिनेमात आले. आल्दोनाचा चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, आपल्या चितळकरांच्या म्हणजे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजवू लागला. १९५१ च्या 'अलबेला'मधला तो ब्रासचा झणझणीतपणा आठवा. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवलेले सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर इकडे आले आणि शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. पडद्यावर मात्र ही मंडळी बहुतेक वेळा 'सहाय्यक' या एका शब्दाखाली, नाहीतर कुठेच नाहीत. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातून प्यारेलालनी गुरूचं नाव घराघरात पोचवलं, तर लोकांना वाटलं ते नुसतं पात्राचं नाव!

आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती' म्हणजे लिहिलेली, छापलेली अशी व्याख्या होती. स्वरलिपीची ही अट १९९४ मध्ये गेली, आणि न लिहिता चाल बांधणाराही संगीतकार ठरला. चांगलं झालं. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, जो आधी निर्मात्याच्या घशात जायचा. तेही चांगलंच. पण संयोजन आजही कायद्याच्या लेखी 'रूपांतर' आहे, आणि रूपांतराचा हक्क मूळ कृतीच्या मालकाकडे. संयोजक म्हणून वेगळा माणूस कायद्याला दिसत नाही.

विचित्र योगायोग बघा. शिकागोत न लिहिणारा वादक उपाशी राहिला. आपल्याकडे लिहिणारा उपाशी राहिला. याचा अर्थ कागद ही खरी अडचण नव्हतीच. काम कुणाचं मोजायचं आणि कुणाचं नाही, हे ज्यांच्या हाती होतं त्यांनी प्रत्येक वेळी सोयीचा नियम काढला.

माझं म्हणणं एवढंच आहे. मोठमोठ्या कायद्यांची वाट बघायची गरज नाही. आपल्या गावात गणपतीत, नवरात्रात, शाळेच्या संमेलनात ऑर्केस्ट्रा होतात. निवेदक गायकाचं नाव तीनदा घेतो. ज्याने रात्र जागून त्या पाच वादकांसाठी गाणं बसवलं, त्याचं नाव एकदा घ्यायला काय जातं? पत्रिकेवर 'संगीत संयोजन' ही एक ओळ छापायला किती शाई लागते? आणि मानधनाच्या यादीत त्याचा आकडा वेगळा धरा. सवय इथून लागली तर कायदा पुढेमागे येईलच.

यंदा ज्या मंडळांच्या बैठका सुरू आहेत, त्यांच्या कार्यकर्त्यांनी हे वाचलं तर बरं होईल. ओळखीत कुणी असेल तर त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा.