बाह्या सैल झाल्या, तेव्हाची गोष्ट

आमच्या गटातली एक ताई शिवणकाम करते. तिला विचारून, पण नाव न घेता, आज तिच्या अंगाची गोष्ट सांगतो. ही गोष्ट एका औषधाच्या इतिहासाचीही आहे.

२००६ साली ताईचा नवरा गेला आणि मग तिची तपासणी झाली. एआरटीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिला धरून दवाखान्यात न्यावं लागत होतं. सहा महिन्यांत ती पुन्हा मशीनवर बसली. पुढे दोनेक वर्षांनी मात्र तिचे गाल बसले, दंड काटकुळे झाले, पायांच्या शिरा वर आल्या, रात्री तळपाय जळायला लागले. स्वतःच्या ब्लाउजच्या बाह्या तिनं तीनदा आत घेतल्या.

आम्ही म्हणालो, "रोग वाढलाय तिचा." बैठकीत तिच्या शेजारची सतरंजी रिकामी राहू लागली. खरं तर त्याच काळात तिच्या सीडी फोर पेशी वाढत होत्या. रोग दबला होता, अंग बदललं होतं ते गोळीमुळं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तीन औषधं एकत्र दिली की एचआयव्ही दबतो, हे १९९६ साली जगापुढं आलं. पण खर्च वर्षाला दहा-बारा हजार डॉलर. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तेच उपचार गरीब देशांतल्या सेवाभावी कामासाठी वर्षाला साडेतीनशे डॉलरला द्यायची तयारी दाखवली. आपल्या सरकारी दवाखान्यांत मोफत गोळ्या मिळू लागल्या त्या १ एप्रिल २००४पासून, त्याही आधी मोजक्याच केंद्रांवर. औषध मुंबईचं, आणि आपल्या गरिबाच्या हाती पडायला तीन वर्षं लागली!

त्या स्वस्त गोळीत स्टॅव्ह्युडिन नावाचं औषध होतं. त्याच्याऐवजी झिडोव्ह्युडिन देता येई, पण त्यानं रक्त कमी होतं. म्हणून ज्याचं रक्त आधीच कमी, त्याला स्टॅव्ह्युडिन. आता रक्त कमी कुणाचं असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ताईचंही कमीच होतं.

आपल्या पेशींत शक्ती तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. स्टॅव्ह्युडिन विषाणूला अडवताना या भट्ट्यांनाही मारतं. म्हणून गालांची, हातापायांची चरबी झडते आणि नसा दुखावतात. काहींच्या रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं. झडलेली चरबी औषध बदलल्यावरही पूर्ण भरून येत नाही. २००९च्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध हळूहळू बंद करा असं सांगितलं. आपल्याकडेही ते टप्प्याटप्प्यानं मागं पडलं. तरीही आम्ही त्या औषधाला नुसत्या शिव्या देणार नाही. ताई जगली ती त्याच्यावरच.

गेल्या काही वर्षांत टीएलडी ही गोळी आली. दिवसाला एकच, आणि विषाणू लवकर दबतो. आता तक्रार उलटी आहे. ताईचं वजन वाढलं. आफ्रिकेतल्या अभ्यासांत या गोळीतल्या डोल्युटेग्राविर या औषधावर वजन वाढलेलं दिसलं, आणि बायकांचं जास्त. काहींची साखरही वाढते. यातलं गोळीचं किती, अंगाला आलेल्या बाळशाचं किती आणि दिवसभर बसून शिवण्याचं किती, हे प्रत्येकीचं वेगळं.

मागच्या दिवाळीनंतर ताई म्हणाली, "थोडे दिवस गोळी बंद ठेवू का?" आमच्या पोटात गोळाच आला. असा प्रयोग जगात होऊन गेलाय. साडेपाच हजार माणसांच्या एका मोठ्या अभ्यासात काहींची गोळी मधेमधे थांबवली होती. २००६ साली तो अभ्यास आवरता घ्यावा लागला. गोळी थांबवलेल्यांत आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले. आणि हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे त्रास? तेही त्यांनाच जास्त. म्हणजे मोकाट विषाणू हृदयालाही सोडत नाही.

मग आम्ही दोघीजणी ताईबरोबर सेंटरवर गेलो. वजन, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी करून द्या, असं स्पष्ट मागितलं. समुपदेशक बाईंनी सगळं तिच्या कार्डावर लिहिलं. साखर किंचित वर निघाली. गोळी चालूच ठेवायची, संध्याकाळी चालायचं, भात कमी करून भाकरी-उसळ वाढवायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता बैठक संपली की आम्ही सहाजणी ताईबरोबर कालव्यापर्यंत चालत जातो. परवा वाटेत ती हसत म्हणाली, "तेव्हा आत घेतलेल्या शिवणी आता उसवायला बसलेय. बरं झालं, कापड कापून टाकलं नव्हतं."