रिमोटवर उडणारं महायुद्धातलं विमान : 'जायंट स्केल' स्पिटफायर बनतं तरी कसं?

फोनवर रील बघताना कधीतरी एक व्हिडिओ समोर येतो. हिरव्या-करड्या रंगाचं स्पिटफायर धावपट्टीवरून सुटतं, चाकं पोटात घेतं आणि वळण घेऊन डोक्यावरून जातं. जुनं फुटेज असेल असं वाटतं. मग विमान उतरतं, कॅमेरा मागे सरकतो आणि एक माणूस चालत येऊन त्याचं शेपूट हाताने उचलतो. तेव्हा कळतं, की हे रिमोटवर चालणारं मॉडेल आहे.

अशा मॉडेलला या छंदात 'वॉरबर्ड' म्हणतात, म्हणजे लढाऊ विमानाची प्रतिकृती. खालच्या कमेंटमध्ये लोक हमखास विचारतात, "हे खेळणं कुठे मिळतं?" खरं तर या आकाराच्या वस्तूला खेळणं म्हणणंच चुकीचं आहे. ते बांधायला एक-दोन वर्षं सहज जातात, खर्च लाखांत जातो आणि चूक झाली तर माणूस दगावू शकतो. का, ते स्पिटफायरच्याच उदाहरणावरून समजून घेऊया.

मोठं म्हणजे नेमकं किती?

अमेरिकेत मोठ्या मॉडेलचा छंद जपणाऱ्यांमध्ये रूढ असलेली मोजपट्टी सोपी आहे. एका पंखजोडीच्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत किमान ८० इंच हवेत, दोन पंखजोड्या असतील तर ६० इंच. किंवा मूळ विमानाच्या किमान एक चतुर्थांश आकार हवा. याला 'जायंट स्केल' म्हणतात.

खऱ्या स्पिटफायरच्या पंखांची लांबी ११.२३ मीटर. त्याचं चतुर्थांश मॉडेल केलं तर पंख सुमारे २.८ मीटरचे होतात, म्हणजे घरातल्या दारापेक्षाही लांब. वजन साधारण १५ ते २० किलो भरतं. त्यामुळे पंख सुटे होतील अशीच रचना करावी लागते, नाहीतर विमान गाडीत मावत नाही.

मोठं मॉडेल जास्त खरं का वाटतं?

लहान मॉडेल हवेत डासासारखं भिरभिरतं, मोठं मात्र रुबाबात उडतं. यामागे भौतिकशास्त्र आहे. मॉडेल खऱ्याच्या चतुर्थांश असेल, तर ते खऱ्याच्या साधारण निम्म्या वेगाने उडालं की डोळ्याला हालचाल बरोबर वाटते, कारण हा वेग आकाराच्या वर्गमुळाने बदलतो. मॉडेल जितकं लहान, तितकं त्याला हळू उडावं लागेल आणि तेवढं हळू उडणं वाऱ्यात जमत नाही.

पण आकार वाढला की धोकाही वाढतो. १८ किलोचं विमान ताशी १०० किमी वेगाने कशाला धडकलं, तर तो आघात तेवढंच वजन साधारण तेराव्या मजल्यावरून टाकल्यासारखा असतो. त्यात पुढे फिरणारा पंखा वेगळाच. म्हणून इथून पुढची प्रत्येक पायरी 'दिसायला कसं आहे' यासोबतच 'हे तुटलं तर काय होईल' हा प्रश्न विचारत करावी लागते.

सांगाडा : लाकूड, प्लाय आणि फायबर

बांधायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे नकाशा घेऊन सगळं लाकडातून कापायचं. दुसरा म्हणजे फायबरग्लासचं तयार धड घ्यायचं आणि पंख, शेपटी स्वतः बनवायची. लाकूड मुख्यतः बाल्साचं असतं. ते प्रचंड हलकं असतं आणि त्याचा मोठा पुरवठा इक्वेडोरमधून होतो. जिथे ताण येतो तिथे बर्च प्लाय लावतात. पंख धडाला जोडायला बहुतेक वेळा कार्बन फायबरची किंवा ॲल्युमिनियमची नळी असते.

स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख दिसायला देखणा, पण बांधणाऱ्याची परीक्षा पाहणारा. सरळ पंखाच्या मॉडेलमध्ये एकाच मापाच्या बऱ्याच फासळ्या कापता येतात. इथे प्रत्येक फासळी वेगळ्या मापाची असते.

आणखी एक गोष्ट डोळ्याला सहज दिसत नाही. खऱ्या स्पिटफायरचा पंख धडापाशी दोन अंश वर कललेला होता आणि टोकाला अर्धा अंश खाली. या पिळामुळे वेग कमी झाला तरी पंखाच्या टोकाची उचल आधी संपत नाही. मॉडेलमध्ये हा पिळ विसरला किंवा दोन्ही पंखांत वेगवेगळा आला, तर उतरताना विमान अचानक एका बाजूला कोसळतं. म्हणूनच पंख सपाट बोर्डवर, खाली ठोकळे देऊन, माप घेत घेत जोडतात.

शेपटीतले १०० ग्रॅम नाकात २८० ग्रॅम होतात

प्रत्येक विमानाचा तोल एका ठरावीक बिंदूवर यावा लागतो. तो साधारणपणे पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढच्या पाव भागाच्या आसपास असतो. तोल मागे गेला की विमान ताब्यात राहत नाही.

स्पिटफायरमध्ये इथेच अडचण आहे. खऱ्या विमानाच्या नाकात मर्लिन इंजिन होतं, त्याचं वजन सुमारे ७४० किलो. चतुर्थांश मॉडेलमध्ये सगळी वजनं प्रमाणात ठेवायची तर ६४ ने भागायचं, म्हणजे इंजिन साडेअकरा किलोचं हवं. प्रत्यक्षात मॉडेलचं पेट्रोल इंजिन तीन-चार किलोचं असतं. नाक हलकं, त्यात आखूड, आणि मागे लांबलचक शेपटी. मॉडेल मागे झुकणारच.

उपाय म्हणजे नाकात शिसं भरणं. आता गणित बघा. शेपटी तोलाच्या बिंदूपासून १४० सेंमी मागे आणि शिसं ठेवायची जागा ५० सेंमी पुढे आहे असं धरू. तर शेपटीत वाढलेले १०० ग्रॅम सावरायला नाकात २८० ग्रॅम शिसं लागतं. म्हणजे एकूण वजन ३८० ग्रॅमने वाढलं!

म्हणून अनुभवी लोक शेपटीचं लाकूड काट्यावर तोलून निवडतात. मागे इपॉक्सी जपून वापरतात, पॉलिश पेपरने घासून घासून जाडी कमी करतात, रंगाचे थरही मोजून देतात. बॅटऱ्या, इंधनाखेरीज जे जड सामान असेल ते सगळं पुढे सरकवतात. शिसं हा शेवटचा पर्याय असतो.

इंजिन बसवलं, पण हवा बाहेर कुठून जाणार?

या आकारात बहुतेक जण टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन वापरतात. पाव आकाराच्या स्पिटफायरला १०० सीसीच्या आसपासचं इंजिन चालतं. म्हणजे मोटरसायकलच्या इंजिनाएवढी क्षमता, पण गिअरबॉक्स नाही, पाणी नाही, फक्त हवेवर थंड होणारं.

स्पिटफायरचं नाक निमुळतं असतं आणि इंजिन पूर्ण झाकलेलं. हवा आत येते, पण बाहेर पडायला जागा नसेल तर आतच कोंडते आणि इंजिन तापून बंद पडतं. म्हणून हवा बाहेर पडायची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी ठेवतात आणि आत पत्रे किंवा प्लायच्या भिंती लावून हवा थेट सिलिंडरवरच जाईल असं बघतात. प्रत्येक नटबोल्टला लॉकिंग गोंद लावावा लागतो, कारण इंजिनाच्या हादऱ्याने काहीही सैल होऊ शकतं.

चाकं : स्पिटफायरचं दुखणं

स्पिटफायरची चाकं धडाजवळून निघतात आणि बाहेरच्या दिशेला पंखात मिटतात. त्यामुळे जमिनीवर दोन चाकांमधलं अंतर कमी राहतं. खऱ्या वैमानिकांनाही हे जमिनीवर सांभाळावं लागायचं, मॉडेलमध्ये तर त्रास आणखी वाढतो. थोडा खड्डा लागला की विमान नाकावर आपटतं आणि पंखा तुटतो. म्हणून पुष्कळ जण चाकांचे पाय मुळापेक्षा किंचित पुढे कलते ठेवतात.

चाकं मिटवायची यंत्रणा हवेच्या दाबावर किंवा विजेवर चालते. हवेवरच्या यंत्रणेत विमानात छोटी टाकी असते, ती उड्डाणाआधी पंपाने भरतात. गळती झाली तर चाकं खाली येणार नाहीत, म्हणून दाब आधी आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासतात. विजेवरच्या यंत्रणेत गळतीची भीती नाही, पण ती बॅटरीवर अवलंबून असते.

एकाच्या जागी दोन

खरा जीव वायरिंगमध्ये असतो. विमानाचा प्रत्येक हलणारा भाग एका सर्व्होने, म्हणजे छोट्या मोटरने हलतो. मोठ्या विमानात त्यावर हवेचा जोर प्रचंड असतो, त्यामुळे सर्व्हो ताकदीचे लागतात आणि तेवढी वीजही खातात.

इथे नियम एकच : एखादी वस्तू बंद पडली तरी विमान हातात राहिलं पाहिजे. त्यासाठी साधारण अशी व्यवस्था करतात.

- रिसीव्हरला दोन वेगळ्या बॅटऱ्या आणि दोन वेगळे स्विच.
- स्विच असा, की तो खराब झाला तर करंट बंद होण्याऐवजी सुरूच राहील.
- शेपटीच्या डाव्या आणि उजव्या एलेव्हेटरला वेगवेगळे सर्व्हो, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावर उतरता येतं.
- सिग्नल तुटला तर इंजिन आपोआप मंद होईल अशी 'फेल-सेफ' सेटिंग.
- इंजिनाची इग्निशन बॅटरी आणि वायरिंग रिसीव्हरपासून लांब.

सर्व्हो आणि पंखाचा हलणारा भाग यांना जोडणाऱ्या सळईत किंचितही ढिलेपणा चालत नाही. वेग वाढल्यावर ढिला भाग फडफडू लागतो, याला 'फ्लटर' म्हणतात. ही फडफड काही सेकंदांत शेपटी उखडू शकते.

पूर्वी ब्रिटनमध्ये ३५ आणि अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झवर रेडिओ चालायचे. एकाच चॅनलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले की विमान गेलंच. मैदानावर फळ्याला चिमटे लावून चॅनल वाटून घ्यावे लागत. आता २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओंमुळे तो त्रास संपला आहे. सैल प्लग आणि उतरलेली बॅटरी मात्र आजही तितकीच घातक आहे.

रंग लावण्याआधी अभ्यास

बाल्सावर पातळ काचकापड आणि इपॉक्सी चढवून, घासून, मग पत्र्यांच्या जोडांच्या रेषा आणि रिव्हेट काढतात. रिव्हेट म्हणजे अनेकदा गोंदाचे बारीक थेंब. पण कुठलं विमान बनवायचं हे आधीच ठरवावं लागतं, कारण स्पिटफायरचे डझनावारी प्रकार होते.

उदाहरणार्थ, दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मार्क आठ जातीचं स्पिटफायर वापरलं. कुणाला तेच बनवायचं असेल तर दोन गोष्टी बदलतात. मार्क आठचं शेपटीचं चाकही आत मिटतं, म्हणजे मागे आणखी एक यंत्रणा आणि आणखी वजन. शिवाय त्या आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेतून लाल रंग काढला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि गफलत झाली असती. तिथे लाल ठिपका रंगवला की जाणकार लगेच चूक पकडतो. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर जवळून बघता येतं, पण आपल्याला हवा तो मार्क कोणता हे तपासूनच मापं आणि फोटो घ्यावेत.

पहिलं उड्डाण

आधी जमिनीवर रेंज तपासतात, इंजिन बंद असताना आणि चालू असतानाही. सगळे भाग योग्य दिशेने हलतात का ते पाहतात. उलटे जोडलेले एलेरॉन हे पहिल्याच उड्डाणात विमान पडण्याचं जुनं कारण आहे. तोल पुन्हा मोजतात, तो इंधनाची टाकी रिकामी ठेवून आणि चाकं उडताना असतील तशी ठेवून.

उडताना थ्रॉटल एकदम द्यायचा नाही. पंख्याच्या फिरण्यामुळे विमान डावीकडे ओढतं, त्यामुळे उजवा रडर देत हळूहळू वेग वाढवायचा. मर्लिन इंजिनाचं खरं स्पिटफायरही असंच डावीकडे ओढायचं. नंतरच्या ग्रिफन इंजिनाचा पंखा उलटा फिरायचा, त्यामुळे ते उजवीकडे जायचं. उतरताना सगळ्यात मोठा मोह म्हणजे वेग फार कमी करणं. जड वॉरबर्ड बहुतेक वेळा तिथेच मोडतं.

नियम काय सांगतात?

ब्रिटनमध्ये २५ किलोपेक्षा जड मॉडेलला स्वतंत्र परवानगी लागते. तिथे 'लार्ज मॉडेल असोसिएशन' ही संस्था बांधकाम चालू असतानाच निरीक्षक नेमून तपासणी करते. झाकला गेलेला सांधा नंतर दिसत नाही, हे त्यामागचं साधं कारण. त्यानंतर चाचणी उड्डाणं होतात, मगच लोकांसमोर उडवता येतं. अमेरिकेतही ५५ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलोच्या वर वेगळे नियम लागू होतात.

भारतात 'ड्रोन नियम २०२१' मध्ये मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे. वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात. अशा मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण म्हणून ते कुठेही उडवता येतं असं नाही. विमानतळ आणि संवेदनशील ठिकाणांभोवतीचे रेड आणि यलो झोन मॉडेललाही लागू आहेत, त्यामुळे आधी डिजिटल स्काय नकाशा बघावा लागतो.

थोडक्यात, जायंट स्केल वॉरबर्ड म्हणजे लहान मॉडेल फुगवून मोठं केलेलं नसतं. ते आकाराने लहान असलेलं खरं विमान असतं. त्याचा मालक एकाच वेळी सुतार, मेकॅनिक, वायरमन, रंगारी आणि वैमानिक असतो. यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र सहावं आहे, ते म्हणजे निरीक्षकाचं. दोन वर्षं घातलेलं विमान तयार असताना, माणसं बघायला जमलेली असताना, एक सर्व्हो किंचित घरघरतोय म्हणून "आज उडवायचं नाही" असं म्हणणं. ते जमलं तरच बाकीच्या पाच कामांना अर्थ उरतो.