आधी माणसं की आधी रस्ता?

वाडीला रस्ता मागायला गेलं की एक प्रश्न हमखास येतो, "तुमच्यात माणसं किती?" आम्हीही इतकी वर्षं डोकी मोजून सांगत आलो. आज हा प्रश्न जरा उलटा करून बघूया. माणसं होती म्हणून रस्ता आला, की रस्ता आला म्हणून माणसं वाढली?

मिरज–कोल्हापूर रेल्वे 1891 साली सुरू झाली, संस्थानाच्या पैशातनं. गाडी आली पूर्वेकडच्या सपाटीवरनं. मग 1895 ला स्टेशनाजवळ शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसली. पुढं शाहू महाराजांनी रेल्वेच्या कडेलाच आपल्या वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. तिथं आधी रूळ आला, मग बाजार, मग घरं. माणसं किती, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

पश्चिमेला, गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या डोंगरात, रूळ कधी गेलाच नाही. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे 2016 ला मंजूर झाली, ती अजून कागदावरच आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाख 76 हजार भरली. त्यात अख्ख्या गगनबावडा तालुक्याची पस्तीस-छत्तीस हजार.

डोंगरातल्या गावांना आधार मिळाला तो एस्टीचा. पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे–नगर धावली. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढं लाल गाडी आपल्याकडंही रुळली. त्यातली मुक्कामी गाडी म्हणजे गावाचं घड्याळच. रात्री यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे, आणि पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, भाजीच्या बुट्ट्या, हायस्कूलच्या पोरी घेऊन निघायची. जिथं मुक्कामी गाडी बंद झाली, तिथं पोरींचं शिक्षण सातवीवर थांबलेलं आम्ही डोळ्यानं बघितलंय. वडाप असतं, पण ते भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावर त्यात पोरगी बसवायचं आईच्या जिवावर येतं. 17 मार्च 2023 पासून बायकांना एस्टीत अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण गाडीच नसेल तर अर्धं कशाचं काढायचं?

आणि वरच्या धनगरवाड्यांवर तर आजही डोली आहे. दिवस भरलेल्या बाईला पावसात खाली आणायचं तर चार गडी खांद्याला लागतात, आणि बदलीला आणखी चार. पोरं मुंबईला, इचलकरंजीला कामाला गेलेली. रस्ता नाही म्हणून ती गेली, आणि ती गेली म्हणून आता डोली उचलायलाही खांदे पुरत नाहीत.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 ला आली. तिचा नियम असा, की सपाटीवर 500 माणसांची वस्ती असेल तर रस्ता. डोंगरी राज्यं, वाळवंट, पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग इथं 250 पुरतात. आपला सह्याद्री चढून बघा म्हणावं, पण ह्या यादीत तो डोंगर नाही. आपल्याला 500 च. योजनेचा चौथा टप्पाही 2011 च्याच आकड्यांवर बेतलेला आहे.

आता पुढची जनगणना 2027 ची. मोजणीच्या पूर्ण काळात बाहेर असलेला माणूस वाडीत धरत नाहीत, म्हणजे मुंबईची पोरं आकड्यातनं गेली. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. ग्रामसडकच्या नियमात 500 मीटरच्या आतल्या लगतच्या वस्त्यांची बेरीज एकत्र धरता येते. दोन वाड्या वेगवेगळ्या मोजल्या तर दोन्ही कमी पडतात, जोडून मोजल्या तर कदाचित बसतात. म्हणून ग्रामसभेला जाताना शेजारच्या वाडीतल्या बायकांनाही हाक मारा, आणि तुमच्या दोन वाड्यांमधलं अंतर आधी टेप लावून मोजून घ्या.