मादी सॅलॅमँडर : ग्रंथींचे स्राव आणि प्रजनन

सॅलॅमँडर हा बेडकाप्रमाणेच उभयचर प्राणी आहे. मात्र प्रौढपणीही त्याची शेपटी कायम राहते. महाराष्ट्रात तो आढळत नाही. भारतात तो पूर्व हिमालय व ईशान्येकडील डोंगराळ भागातच सापडतो.

बेडकापेक्षा वेगळे काय?
छत्रपती संभाजीनगरच्या छावणीसारख्या भागात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात भेकाच्या अंड्यांच्या बुळबुळीत माळा दिसू शकतात. त्या अंड्यांचे फलन पाण्यात होते. बहुतेक सॅलॅमँडरांत मात्र फलन मादीच्या शरीरात होते, तेही प्रत्यक्ष समागमाशिवाय. नर शुक्राणूंची छोटी गाठ जमिनीवर किंवा पाण्याच्या तळाशी ठेवतो आणि मादी ती अवस्कराने (मल, मूत्र व अंडी बाहेर पडण्याच्या सामाईक मार्गाने) उचलून घेते.

शुक्राणूंची साठवण
अवस्कराच्या छतात बारीक नळ्यांसारख्या ग्रंथी असतात. त्यांना शुक्रग्राहिका म्हणतात. शुक्राणू तेथे काही जातींत कित्येक महिने जिवंत राहतात. अंडे अवस्करातून जाताना ते बाहेर येतात आणि फलन होते. त्यामुळे नराची भेट आणि अंडी घालणे यांत बराच काळ जाऊ शकतो. जपान व चीनमधील महाकाय सॅलॅमँडरांत फलन बाहेर होते. त्यांच्या माद्यांना शुक्रग्राहिका नसते.

अंडवाहिनीचे स्राव
अंडवाहिनीतील ग्रंथी अंड्याभोवती जेलीचे थर चढवतात. पाण्यात पडताच जेली फुगते, अंडे पाणवनस्पतीला चिकटते आणि भ्रूणाचे रक्षण होते. अंडवाहिनीची ही वाढ स्त्री-संप्रेरकांमुळे होते.

अंडवाहिनीचे आणखी एक काम २०१७ मध्ये समोर आले. जपानमधील लाल पोटाच्या न्यूटच्या मादीत (न्यूट हा सॅलॅमँडरचाच एक गट) तेथे तीन अमिनो आम्लांचे ‘इमोरिन’ हे रसायन तयार होते आणि ते नराला आकर्षित करते. त्याच जातीच्या नराचे, मादीला आकर्षित करणारे ‘सोडेफ्रिन’ १९९५ मध्ये सापडले होते.

डबके का महत्त्वाचे?
हिमालयी न्यूट पावसाळ्यात प्रजननासाठी डबक्यांत व तळ्यांत येतात. मादीकडे शुक्राणू साठवलेले असले, तरी जेली फुगायला आणि पिल्ले वाढायला पाणी हवेच. डबके बुजवले, की तेथील पूर्ण हंगाम वाया जातो. म्हणूनच दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीसारख्या छोट्या अभयारण्यातील तळीही या प्राण्यासाठी मोलाची आहेत.